सरकारी डेपोतला साग: लाकूड एक नंबर, माहिती जवळजवळ शून्य

आधी रेटिंग देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. लाकूड पाचपैकी साडेचार. सर्व्हिस पाचपैकी तीन. आणि "हे लाकूड नेमकं कुठच्या जंगलातून आलं" या प्रश्नाच्या उत्तराला पाचपैकी एक, तोही तिथल्या फॉरेस्टरच्या चांगल्या स्वभावासाठी. वनखात्याच्या या लाकूड डेपोचं नाव मुद्दाम देत नाहीये, तिथली माणसं बरी आहेत, पद्धतच तशी आहे आणि नाव घेतलं की शेकतं ते खालच्या माणसावर.

तर झालं असं की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची वसरी (ओसरी) दुरुस्तीला काढली. चौकटी आणि पुढचं दार वाळवीने असं खाल्लेलं की ते नुसतं ऑइलपेंटच्या जोरावर उभं होतं, बोट दाबलं की आत भुगा. नवऱ्याचं म्हणणं, हल्ली डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या चौकटी मिळतात, वाळवी नाही काही नाही, बसवून टाकू. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "देवाच्या कुडीला (खोलीला) प्लास्टिकचं दार?" आणि विषय संपला.

मग शोध सुरू. खाजगी वखारीत गेलो, एकीत नाही, बऱ्याच ठिकाणी, आणि एका ठिकाणचा अनुभव सांगण्यासारखा आहे (नाव नाही घेत). मालक हात लावून सांगतोय "मॅडम, हा ओरिजिनल बर्मा, गोल ओंडकाच आणलाय, परवाच कंटेनर उतरलाय". आता म्यानमारने गोल लाकूड बाहेर पाठवणं एप्रिल २०१४ पासून बंद केलंय, हे मलासुद्धा माहीत होतं कारण घर काढायचं म्हटल्यावर आपण सगळे रात्री दोन वाजता मोबाइलवर सागावर डॉक्टरेट करतो. तर मग हा परवाचा ओंडका कुठून उतरला? विचारलं तर "तसं नाही, बर्मा क्वालिटी म्हणतो आम्ही". बर्मा क्वालिटी! कागद मागितले तर हसले. बाहेरच्या देशातला लागवडीचा साग वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, घाना म्हणा इक्वेडोर म्हणा, भरपूर येतो आणि लोक वापरतात, पण तो बहुतेक कोवळा कापलेला असतो, कडेची पांढरी जास्त आणि आतला गाभा कमी, आणि आमच्याकडे पावसाळ्यात जी ओल भिंतीतून चढते ना तिला पांढरी दोन वर्षं टिकत नाही, कीड तिथूनच सुरू होते.

दुसरा पर्याय मोडलेल्या घरांचं जुनं लाकूड. गोव्यात हा धंदा जोरात आहे आणि माल कधी कधी अप्रतिम असतो, पण आम्हाला पाहिजे त्या लांबीचं काही मिळेना, मिळालं ते खिळ्यांनी भरलेलं, सॉ मिलवाला म्हणतो ब्लेड गेलं तर पैसे तुमचे.

डेपोचं सुचवलं ते आमच्या मेस्तांनी. मेस्त म्हणजे आमचे सुतार, जुना माणूस, माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून घरी येणारा, मला वयनी म्हणतात आणि माझ्या कुठल्याही आयडियावर आधी मान हलवतात मग "जाता" (होईल) म्हणतात, त्याचा अर्थ होणार नाही असा असतो. ते म्हणाले सरकारी साग घ्या, पावणीत (लिलावात) उतरा, वेळ लागेल पण लाकूड खोटं नसेल.

आता प्रोसेस कशी असते ते नीट सांगते कारण ही माहिती सलग कुठे मिळत नाही. डेपोत ओंडक्यांचे लॉट लावलेले असतात, प्रत्येक ओंडक्यावर रंगाने नंबर, लांबी आणि घेर लिहिलेला, आणि टोकाला खात्याच्या हातोडीचा शिक्का मारलेला. हा शिक्का महत्त्वाचा, तो नसेल तर ते लाकूड तुमच्या दारात चोरीचं. लॉटची यादी निघते, त्यात कमीत कमी किंमत असते, अनामत भरायची, मग बोली. बोली लागली की ठरलेल्या मुदतीत उरलेले पैसे, जीएसटी वेगळा, आणि मग उचलायची पण मुदत, ती चुकली की जागेचं भाडं चढायला लागतं. वाहतुकीचा पास वेगळा काढायचा, तो टेम्पोत ड्रायव्हरकडे पाहिजेच, वाटेत विचारतात.

सगळ्यात मोठी अडचण ही की लॉट मोठे असतात. आम्हाला पाहिजे दोन चौकटी आणि एक दार आणि लॉटमध्ये लाकूड अख्ख्या वाड्याचं. हे लॉट बहुतेक व्यापारी आणि सॉ मिलवाले उचलतात आणि घर बांधणारा माणूस बाजूला उभा राहून बघतो. आम्ही शेवटी फोंड्याच्या दोन ओळखीच्या घरांबरोबर मिळून बोली लावली, एकाला खिडक्या करायच्या होत्या, दुसऱ्याला जिन्याच्या पायऱ्या. छोटा लॉट ठेवा, घरगुती वापराला, एवढं केलं तरी अर्धी गर्दी वखारीतून इकडे येईल. सर्व्हिसच्या पाचातले दोन मार्क इथेच गेले.

मोजणीबद्दल एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते. ओंडक्याचं माप घेराच्या चौथ्या हिश्श्याने काढतात. म्हणजे मधल्या भागाला दोरी घालून घेर मोजायचा, त्याला चारने भागायचं, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. उदाहरण, घेर ९० सेंटिमीटर, लांबी ३ मीटर, तर पाव घेर साडेबावीस सेंटिमीटर, हिशोब येतो ०.१५२ घनमीटर, म्हणजे साधारण ५.३६ घनफूट. भूमितीने खरं आकारमान काढलं तर ०.१९३ येतं. म्हणजे कागदावर तुम्हाला जे मिळतं त्यापेक्षा प्रत्यक्षात सव्वापटीहून थोडं जास्तच लाकूड असतं, पण उड्या मारू नका, चिरताना सालपाट, पांढरी आणि भुसा जाऊन हातात निम्म्याच्या आसपासच राहतं. पाच बाय तीनची चौकट, सात फूट उंच चार फूट रुंद, खाली उंबरा धरून, तिला सव्वादोन घनफुटांहून किंचित जास्त लागतं. म्हणजे वरचा एक ओंडका = एक चौकट, थोडंसं उरेल. वखारीत चिरलेल्या घनफुटाचा दर सांगतात आणि डेपोत गोल लाकडाचा, तेव्हा दोन्हींची सरळ तुलना करून "सरकारी किती स्वस्त!" म्हणून नाचू नका. सगळं धरून आम्हाला वखारीतल्या चांगल्या सागापेक्षा थोडं स्वस्त पडलं, फार नाही.

आता खरी मजा. लॉट बघायला मेस्तांना घेऊन गेले होते. ते ओंडक्याच्या लांबीकडे बघतच नाहीत, सरळ टोकाशी जाऊन उकिडवे बसतात, थुंकी लावून अंगठा फिरवतात आणि कडी, म्हणजे वाढीची वर्तुळं, मोजतात. सागाची कडी डोळ्यांना स्पष्ट दिसतात, आमच्याकडे पाऊस आणि कोरडं असे दोन ठसठशीत भाग असल्यामुळे वर्षाला एक. "वयनी, हें पळयात." आम्ही ज्या ओंडक्यावर शेवटी बोली लावली त्याची कडी पन्नाशीच्या आसपास होती, आणि बघण्यासारखं हे की मधली, म्हणजे झाड लहान असतानाची, पाच-सहा मिलिमीटर रुंद, आणि मग एका जागेपासून अचानक अशी बारीक होत गेलेली की दीड-दोन मिलिमीटर, बाहेर बाहेर तर नखाने वेगळी करता येईनात. मेस्त म्हणाले, दाटी झाली. बाजूची झाडं वेळेवर काढली नाहीत.

डेपोतला फॉरेस्टर तिथेच उभा होता, तरुण मुलगा, त्याने मान्य केलं. म्हणाला साग लावतात तेव्हा दोन बाय दोन मीटरवर लावतात, म्हणजे हेक्टरी अडीच हजार झाडं, आणि मग टप्प्याटप्प्याने विरळणी करत जायची, पहिल्या दोन वेळेला नुसते वासे निघतात, आणि पन्नास-साठ वर्षांनी हेक्टरी शे-दीडशे मोठी झाडं राहिली की ती खरी. तांबड्या भाजीचा वाफा दाट आला की आपण मधली मधली उपटून खातो आणि उरलेली वाढू देतो, तेच. वाफा उपटायचा राहिला की सगळीच भाजी किडकिडी. इथे विरळणी वर्षानुवर्षं मागे पडली, कधी मंजुरी नाही, कधी माणसं नाहीत, कधी कोणीतरी तक्रार केली म्हणून थांबलं.

आता ही तक्रार. माझा पुतण्या. त्याला मी घरच्या ग्रुपवर ओंडक्याचा फोटो टाकला आणि तो पाच मिनिटांत, "काकी तू सरकारी जंगल तोडलेलं लाकूड घेतेस?? सीरियसली??" हा मुलगा २०२० च्या नोव्हेंबरात चांदोरला रात्रभर रेल्वेच्या रुळांवर बसलेल्या हजारो लोकांतला, मोलेंचं जंगल वाचवायच्या आंदोलनात पोस्टरं रंगवलेला, आणि मला त्याचा अभिमान आहे हे आधी सांगते. मोलेंमधून रेल्वेचा दुसरा ट्रॅक, रुंद हायवे आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी असं तीन बाजूंनी एकदम आलं होतं, त्यातल्या रेल्वेची वन्यजीव मंडळाची मंजुरी सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये रद्द केली, म्हणजे पोरं काही उगाच ओरडत नव्हती. पण त्या तोडीत आणि या तोडीत फरक आहे आणि तो फरक कोणी समजावून सांगत नाही म्हणून आमच्या घरात दोन आठवडे महाभारत.

फरक असा. रस्ता किंवा लाइन जाते तिथे जंगल परत येत नाही, ती जमीनच गेली. शिवाय ते जंगल कोणी लावलेलं नव्हतं, किंदळ, माटी, नाणा, जांभा, वेली, खाली ओलावा, सगळं आपोआप जमलेलं, ते परत लावता पण येत नाही, कितीही कॅम्पाचे (तोडलेल्या जंगलाच्या भरपाईचे) पैसे भरा आणि कुठेतरी डोंगरावर रोपटी खोचा. सागाचा प्लॉट हा माणसाने ओळीत लावलेला, तोडायच्याच हिशोबाने लावलेला. तो विरळ केला की उरलेला साग जाड होतो आणि खाली उजेड पडल्यावर दुसरी झाडं पण डोकं वर काढतात.

आणि कायदा पण हेच सांगतो, मी पुतण्याला तोंडपाठ म्हणून दाखवला. अभयारण्यातून लाकूड काढून धंदा करता येत नाही, वन्यजीव कायद्यात तिथून काही काढायचं तर ते प्राण्यांच्या अधिवासाच्या भल्यासाठीच, आणि काढलेलं आजूबाजूच्या लोकांच्या घरगुती गरजेला, विकायला नाही. गोव्यात सरकारी जंगल साधारण १,२२४ चौरस किलोमीटर, आणि अभयारण्यं आणि नॅशनल पार्क मिळून ७५५ च्या आसपास (त्यात काही गावं पण येतात, म्हणून थेट वजाबाकी करू नका). म्हणजे विकायचं लाकूड जे काही येतं ते उरलेल्या तुकड्यांतून यायला पाहिजे. तिथे पण मोकळं रान नाही, १२ डिसेंबर १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे, गोदावर्मन केसमधला, की केंद्राने मंजूर केलेला वर्किंग प्लॅन नसेल तर जंगलात कुऱ्हाड चालवायची नाही. गंमत म्हणजे ही केस घालणारे गोदावर्मन तिरुमुलपाड केरळमधल्या निलंबूरच्या राजघराण्यातले, आणि निलंबूर म्हणजे जिथे इंग्रजांनी १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू केली ते ठिकाण, त्यातला जुना प्लॉट अजून उभा आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. साग लावणाऱ्या गावातूनच तोड थांबवायची केस आली, हे पुतण्याला आवडलं, थोडा शांत झाला.

पण त्याने एक प्रश्न विचारला ज्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि डेपोकडे पण नव्हतं. "तुझा ओंडका प्लॉटातलाच आहे कशावरून?"

बरोबर आहे ना. पावतीवर लॉट नंबर, माप, पैसे. कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) कुठला, प्लॉट कधीचा, विरळणी होती की वाऱ्याने पडलेलं झाड की रस्त्यासाठी काढलेलं, काही नाही. फॉरेस्टरला विचारलं तर त्याने रजिस्टर काढलं, शोधलं, मग म्हणाला मॅडम नोंद आहे पण ती रेंज ऑफिसात असते, इथे फक्त नंबर येतो. पण माझ्यासमोर त्याने फोन लावला आणि गावाचं नाव विचारून सांगितलं. म्हणून तो एक मार्क. अशी सोय कोणाच्या चांगुलपणावर का अवलंबून असावी? भाताच्या पिशवीवर गिरणीचा पत्ता असतो. पब्लिकचं जंगल आहे, पब्लिकलाच विकताय, मग डेपोच्या गेटवर एक बोर्ड लावा, कूप अमुक, लागवड अमुक साली, इतकी झाडं काढली, इतकी ठेवली, पुढे तिथे हे येणार. वर्किंग प्लॅन म्हणजे दहा वर्षांचा आराखडा असतो, त्यात हे सगळं आधीच लिहिलेलं असतं, नवीन काही करायचं नाहीये, फक्त वाचता येईल असं मराठीत कोकणीत लावायचं.

गाव कळल्यावर आम्ही एका रविवारी गेलो. पुतण्या, मी आणि मेस्त (त्यांना म्हणे "झाडाची मुळं" बघायची होती, मला वाटतं त्यांना फक्त चिकन शाकुती पाहिजे होती जी वाटेत खाल्ली). प्लॉट रस्त्यालगतच होता, आत शिरायची गरज पडली नाही, कडेने चालत गेलो. आणि जे बघितलं ते अर्धं चांगलं अर्धं वाईट.

चांगलं आधी. खरंच विरळणीच होती. ओळी दिसत होत्या, मध्ये मध्ये बुंधे, आणि उरलेली झाडं सरळ आणि त्यातल्या त्यात जाड. बारकी, वाकडी, दबलेली काढलेली, म्हणजे निवड करणाऱ्याला काम कळत होतं. प्लॉटच्या कोपऱ्यात एक प्रचंड बेहडा तसाच ठेवलेला, खोडात वर ढोली, आणि ढोलीच्या तोंडाखाली सालीवर विष्ठेचे पांढरे ओघळ. धनेश, आमच्याकडे माडगरुड म्हणतात, त्याची मादी अशाच ढोलीत स्वतःला चिणून घेते, फटीतून नर चारा देतो, आणि त्यासाठी लागते ती असली जुनी जाड झाडंच, पन्नास वर्षांचा साग त्याच्या काही कामाचा नाही, सागाला खाण्यासारखं फळ पण नाही. लाकडाच्या दृष्टीने हा बेहडा म्हणजे फुकट जागा अडवणारं झाड. तो ठेवला हे बघून मला खरंच बरं वाटलं, पुतण्याने पण फोटो काढले. ओहोळाच्या दोन्ही बाजूंना पण मूळचं जंगल सोडलेलं होतं, तिथे सावली एकदम वेगळी, गार, आणि खाली जायफळीच्या जातीच्या झाडांची दलदलीतून वर आलेली उघडी मुळं वगैरे मात्र नव्हती (ती बघायची तर सत्तरीतच बांबरला निरंकाराच्या राईत जा, देवाच्या नावाने राखलेली आहे, वर्किंग प्लॅनशिवाय).

वाईट म्हणजे फांद्या आणि शेंडे तसेच टाकलेले. ढीग. मार्च महिना, सागाची ती परातीएवढी पानं पडून कुरकुरीत झालेली, त्यावर वाळक्या फांद्यांचे ढीग, आणि मध्ये रानमोडीचं तण माणसाच्या डोक्याइतकं उंच वाढलेलं, ते पण वाळलं की कागदासारखं पेटतं. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या अभयारण्यात जागोजाग आगी लागल्या होत्या तेव्हा आमच्या घरापर्यंत धुराचा वास यायचा, सासूबाई रात्री उठून बसायच्या, त्यामुळे मला तो ढीग बघून पोटात गोळाच आला. लाकूड उचलायला ट्रक येतो, पैसे मिळतात म्हणून येतो. फांद्या उचलायला कोण येणार? गावातल्या लोकांना जळणाला नेऊ द्या ना, पास देऊन, अर्धी आग तिथेच विझली.

आणि ओंडके ओढत नेलेली वाट थेट ओहोळातून गेली होती. मातीचा काठ फुटलेला, लाल गाळ. दहा मीटर बाजूला खडकाळ उतार होता, मेस्तांनीच दाखवला, तिथून ओढलं असतं तर काही झालं नसतं, पण ते थोडं लांब पडतं आणि कंत्राटदाराला लांब परवडत नाही.

मला अजून एक खटकलं ते म्हणजे पुढे काय. बुंध्यांच्या मध्ये नवीन रोपं दिसली ती परत सागाचीच. अरे, इतकी वर्षं ओळीत साग लावून बघितला, आता उजेड पडलाय तर जांभा, किंदळ येऊ द्या, माटी येऊ द्या, दोन फणस लावा, गवे आणि माकडं गावातल्या बागायतीत का येतात त्याचं एक उत्तर इथे पण आहे. १९८८ च्या वनधोरणात स्पष्ट आहे की जंगलाचं पहिलं काम पर्यावरण सांभाळणं, महसूल नंतर. लाकूड विकून पैसा करायला माझा विरोध नाही, उलट आपण सरकारी साग नाही घेतला तर कोणाचा तरी बर्मा क्वालिटी घेणार, तो कुठल्या देशातलं जंगल कापून आलाय ते कोणाला माहीत. पण पन्नास वर्षांनी माझ्या नातवंडांना दार करायला साग आणि धनेशाला बेहडा दोन्ही पाहिजे असेल तर त्या प्लॉटात नुसता साग लावून ते होणार नाही.

आणखी एक, कारण हे ऐकून लगेच कोणी म्हणेल की गोव्यात जंगल भरपूर आहे, ६० टक्के आहे. २०२१ च्या सर्वेक्षणात २,२४४ चौरस किलोमीटर वनाच्छादन लिहिलंय हे खरं, पण सॅटेलाइटला वरून झाडांचं छत दिसतं, त्यात तुमची माझी काजूची बागायत पण येते. काजूशी माझं काही वाकडं नाही, उर्राकशी (काजूच्या दारूशी) तर नाहीच नाही. पण ते जंगल नव्हे.

बरं, परत लाकडाकडे. वाहतूक नीट झाली, पास होता, वाटेत एकदा थांबवलं आणि शिक्के बघून सोडलं. सॉ मिलवाल्याने (हा पण नाव न घेता) पहिल्या दिवशी आमचा ओंडका बाजूला ठेवून दुसऱ्याचाच चिरायला घेतला, नंबर बघून मेस्त ओरडले म्हणून वाचलं, तेव्हा तुमचा माणूस मशीनजवळ उभा पाहिजे, चहाला पण जाऊ द्यायचं नाही. चिरल्यावर आतला गाभा असा निघाला की शेजारी बघायला आले. मधासारखा रंग, मध्ये काळपट रेघा, आणि तो तेलकट चामड्यासारखा वास जो हल्लीच्या फर्निचरला येतच नाही. गाठी अगदी थोड्या. एका फळीत बारीक भेग निघाली ती मेस्तांनी देव्हाऱ्याच्या पाटाला वापरली. पांढरी सगळी काढून टाकली, तिचा मोह धरू नका, "बाहेरून रंग मारू" वगैरे.

फळ्या लगेच वापरायच्या नाहीत. मध्ये पट्ट्या घालून सावलीत थर लावून ठेवायच्या, हवा खेळली पाहिजे, ऊन नको. आमचं काम डिसेंबरात लाकूड घेऊन मेमध्ये दार बसलं आणि पहिल्या पावसाळ्यात दार अडकलं नाही, जुनं दार जूनपासून खांद्याने ढकलावं लागायचं. सासूबाईंनी दारावर हात फिरवून "बरं झालंय" म्हटलं, हा आमच्या घरात पाचपैकी सहा मार्कांचा शेरा असतो.

घ्यावा का? ज्यांच्याकडे चार-सहा महिने आहेत, भागीदार आहेत आणि लाकूड कळणारा माणूस आहे त्यांनी डोळे मिटून घ्यावा. बिल्डरने महिन्यात पझेशन देतो म्हटलंय त्यांनी भानगडीत पडू नये. आणि ज्यांच्या स्वतःच्या परसात साग उभा आहे त्यांनी "आपलंच झाड" म्हणून करवत लावू नये, १९८४ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे खाजगी जमिनीत पण ट्री ऑफिसरची परवानगी लागते आणि बदल्यात झाडं लावायची अट असते. गोव्यात २०१६ मध्ये माड हे झाडच नाही असं ठरवून टाकलं होतं, मग लोकांनी एवढा दंगा केला की २०१७ मध्ये परत झाड झालं, तेव्हा या कायद्याशी खेळायचं असेल तर आधी वकिलाला विचारा.

लॉट बघायला जाताना मोजपट्टी, टॉर्च आणि जुनं फडकं न्या, टोकांवर माती असते, पुसल्याशिवाय कडी दिसत नाहीत. सकाळी जा, दुपारी डेपोत सावली नाही. कूप कुठला ते विचाराच, मिळो न मिळो, दहा जणांनी विचारलं तर कदाचित बोर्ड लागेल. आणि आमच्या मेस्तांचा नंबर मागू नका, चवथीपर्यंत त्यांना वेळ नाही आणि आमच्या खिडक्या अजून बाकी आहेत.